टायरमधील हवा हळूहळू उतरते तेव्हा

टायर एकाएकी बसला की चालक ताबडतोब सावध होतो. हवा दर आठवड्याला थोडी थोडी उतरत असेल, तर मात्र पंपावर ती भरून घेऊन दिवस ढकलले जातात. खरा धोका या दुसऱ्या प्रकारात आहे. हवा कमी असलेल्या टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात, त्यामुळे तापतात आणि महामार्गावरील वेगात टायर फुटू शकतो.

हल्लीच्या मोटारींचे टायर बहुधा ट्यूबलेस असतात. त्यांची गळती घरी शोधण्यास दाबमापक आणि साबणाचे पाणी पुरते. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी मोजावी. योग्य दाबाचा आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेला असतो. चारही चाकांत सारखीच घट दिसली, तर पंक्चर शोधत बसू नये. तापमान सुमारे साडेपाच अंश सेल्सिअसने घसरले की दाब साधारण एक पीएसआयने उतरतो. निफाडच्या थंडीत ही घट सहज जाणवते. एकच चाक मागे पडत असेल, तर गळतीचा संशय घ्यावा.

शोध व्हॉल्व्हपासून सुरू करावा. टोपी काढून तोंडाशी साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडा फुगला, तर आतील पिन लहान पान्याने किंचित आवळावी किंवा बदलावी. पुष्कळदा दुरुस्ती येथेच संपते. व्हॉल्व्हच्या रबराला तडे असतील, तर टायर उतरवावा लागतो. ते काम दुकानदाराचे.

त्यानंतर रस्त्याला टेकणारा भाग तपासावा. गाडी अर्धा फेरा पुढे घेतल्याशिवाय खालची बाजू दिसत नाही. खिळा सापडला तरी तो लगेच उपटू नये. खडूने खूण करून साहित्य हाताशी घ्यावे. खिळा ज्या कोनात शिरला, त्याच कोनात कानशीसारखी सळई फिरवून भोक साफ करावे. सुईत ओवलेल्या रबरी वातीला सोल्यूशन लावून ती आत दाबावी, सुई झटक्याने बाहेर ओढावी आणि वर उरलेली टोके कापावीत. ही दुरुस्ती तात्पुरती समजावी. टायर उतरवून आतून ठिगळ लावणे अधिक भरवशाचे. भोक सहा मिलिमीटरहून मोठे किंवा बाजूच्या भिंतीत असेल, तर वात लावूच नये. रिमच्या कडेला बुडबुडे आले, तर तेथे गंज वा पोचा असण्याचा संभव असतो. त्यावर घरगुती उपाय नाही.

२०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, दुरुस्तीसंच आणि दाबदर्शक यंत्रणा असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना स्टेपनी सक्तीची राहिली नाही. (वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलेला हा शब्द मराठीत चांगलाच रुळला आहे.) अशा गाडीच्या मालकाने संच घरीच एकदा उघडून पाहावा.

वात बसवल्यावर हवा भरून तेथे पुन्हा साबणाचे पाणी लावावे. दाब दुसऱ्या दिवशी सकाळी आणि आठवड्याने पुन्हा मोजावा. आकडा घसरलेला दिसल्यास टायर उतरवून घ्यावा.