डबीर : एका विरळ आडनावाची कूळकथा

परप्रांती चाकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसास आपल्या आडनावाचा उलगडा करून सांगण्याचा प्रसंग वारंवार येतो. आडनावाच्या शेवटी 'कर' असला तर काम सोपे. गावाचे नाव सांगितले की विचारणाऱ्याचे समाधान होते. देशपांडे, कुळकर्णी ही नावे आता हिंदुस्थानभर कानांवरून गेली आहेत. चिटणीस, फडणीस, सबनीस या मंडळींनाही फारसे सायास पडत नाहीत. 'नीस' म्हणजे फारसीतला 'नवीस', लिहिणारा, एवढे सांगितले की उत्तरेकडील गृहस्थ मान डोलावतो, कारण अर्जनवीस त्याच्या कचेरीच्या आवारात बसलेला त्याने पाहिलेला असतो. पण एखाद्या डबिराची बदली लखनौस झाली तर? तेथे हा उच्चार कानी पडताच जाणत्या श्रोत्यास प्रथम आठवावयाचे ते मर्सियाकार मिर्झा सलामत अली 'दबीर' (१८०३–१८७५). मराठी घराण्याचे आडनाव आणि अवधच्या शायराचे उपनाव एकच कसे, आणि ते आडनाव आपल्याकडे इतके विरळ का, असे दोन प्रश्न यातून निघतात. पहिला प्रश्न शब्दाचा आहे, दुसरा राज्यकारभाराचा. आणि सरकारी दप्तरात आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांस दुसऱ्यात अधिक गोडी वाटेल असा आमचा अदमास आहे.

शब्दाचे आधी पाहू. 'दबीर' म्हणजे फारसीत लेखक, राजाचा पत्रव्यवहार सांभाळणारा. 'दंशा'चा 'डंख' करणाऱ्या आपल्या भाषेने 'दबीरा'चा 'डबीर' केला यात नवल नाही. इराणात ससानी राजांच्या काळापासून दबिरांचा मोठा मान. बाराव्या शतकातील निजामी अरूजी याने 'चहार मकाला' या ग्रंथात राजास ज्यांच्यावाचून चालत नाही अशा चौघांचे वर्णन केले आहे : दबीर, कवी, ज्योतिषी आणि वैद्य. त्यांत दबीर पहिला. दिल्लीच्या सुलतानांकडे पत्रव्यवहाराच्या खात्यास 'दिवान-इ-इन्शा' म्हणत व त्यावरील अधिकारी दबीर असे. हा मान इतका टिकला की इ. स. १८५० मध्ये नामधारी उरलेल्या बहादूरशहा जफर याने मिर्झा गालिबला पदव्या दिल्या, तेव्हा त्यांत 'दबीर-उल-मुल्क' ही एक होती. दक्षिणेतील सुलतानशाह्यांच्या दरबारी रिवाजातून हा शब्द मराठी मुलखात आला आणि तेथून मराठी राज्याच्या दप्तरात शिरला.

आता राज्यकारभाराकडे वळू. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींची बखर इ. स. १६९७ च्या सुमारास जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेने लिहिली. तीत शहाजीराजांनी बाळ शिवाजीराजांबरोबर पुण्यास जी कारभारी मंडळी दिली, तिची नावे आहेत : शामराव नीळकंठ पेशवे, बाळकृष्णपंत मुजुमदार, सोनोपंत डबीर आणि रघुनाथ बल्लाळ सबनीस. पेशवा, मुजुमदार, डबीर आणि सबनीस, असे चार हुद्दे एकाच दिवशी एकाच वाटेने पुण्याकडे निघाले असे म्हणावयास हरकत नाही. पण आडनावे म्हणून त्या चौघांचे नशीब किती निरनिराळे झाले! सबनीस आणि मुजुमदार आज मुंबई-पुण्यापासून बडोद्यापर्यंत भेटतात. पेशवे हे नाव इतके उंच गेले की त्यावर हक्क सांगणारी घराणी थोडीच राहिली. आणि डबीर? हयातभर महाराष्ट्रात राहूनही ज्याची एकाही डबिराशी गाठ पडली नाही असा मनुष्य सहज सापडेल.

घराण्यात कर्तबगारी नव्हती म्हणून नाव मागे पडले असे म्हणावे, तर इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. सोनोपंत हे शिवाजीराजांच्या विश्वासातले वडीलधारे मुत्सद्दी. इ. स. १६६५ च्या जानेवारीत सूर्यग्रहणाच्या पर्वणीस महाबळेश्वरी जिजाबाईसाहेबांची सुवर्णतुला झाली, त्याच वेळी सोनोपंतांचीही तुला करण्यात आली. राजमातेच्या जोडीने तुलेत बसण्याचा मान सेवकास मिळावा, यापलीकडे थोरवी ती कोणती? त्यांचे पुत्र त्रिंबक सोनदेव हे इ. स. १६६६ मध्ये महाराजांबरोबर आग्र्यास होते. महाराज निसटल्यावर मागे राहिलेले त्रिंबकपंत आणि रघुनाथ बल्लाळ कोरडे मोगलांच्या हाती सापडले, त्यांचे हाल झाले, आणि पुढल्या वर्षी त्यांची सुटका झाली. परदरबारी बोलणी करण्यास गेलेल्या माणसाच्या जिवाची हमी कोणी घेत नसे, ही त्या हुद्द्याची दुसरी बाजू.

तेव्हा नाव विरळ होण्याचे कारण कुळात शोधू नये, हुद्द्यात शोधावे. सभासदाने किल्ल्यांची व्यवस्था सांगितली आहे : प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सरनौबत, सबनीस आणि कारखानीस. महाराजांचे किल्ले दोनशेंहून अधिक. म्हणजे तेवढे सबनीस आणि तेवढेच कारखानीस एकाच वेळी राज्यात चाकरी करीत होते, आणि पिढ्या बदलत गेल्या तशी त्यांत भर पडत गेली. मुजुमदाराचेही तसेच. दरबारात मुख्य मुजुमदार एक. परंतु हिशेब तपासणारा मुजुमदार महालोमहाली लागे. फडणीस तर ज्या सरदाराला चार स्वार ठेवण्याची ऐपत आली त्याच्याही पदरी असे. डबिराची गोष्ट वेगळी. किल्ल्यास डबीर नको, परगण्यास नको, सरदारासही नको; कारण परराज्याशी बोलण्याचा अधिकार त्यांपैकी कोणासच नव्हता. तो अधिकार राजाचा, म्हणून डबीर राजाचा, आणि राजा एक म्हणून डबीर एक.

हा नियम आमच्या मराठी राज्यापुरताच नाही, याची साक्ष बंगालमध्ये मिळते. कलकत्त्यास असलेल्या आमच्या वाचकांस मजुमदार, सरकार, बक्षी, मुन्शी, कानूनगो अशी मुसलमानी अमदानीतील हुद्द्यांची आडनावे रोज भेटतात. पण बंगाली हिंदूंत दबीर आडनाव आमच्या तरी ऐकण्यात नाही. हुद्दा तेथे नव्हता असे नव्हे. गौडचा सुलतान अलाउद्दीन हुसेनशहा (राज्यकाळ १४९४–१५१९) याच्या दरबारी 'दबीर खास' होता, आणि तो हिंदू होता. त्याच्या भावास 'साकर मल्लिक' म्हणत. चैतन्य महाप्रभूंच्या सहवासाने दोघांनी चाकरी सोडली, वृंदावनाची वाट धरली, आणि आज जग त्यांना रूप गोस्वामी व सनातन गोस्वामी म्हणून ओळखते. वैष्णव परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज कर्नाटकातून तिकडे गेलेले. म्हणजे मूळ मुलूख सोडून परप्रांती राजसेवेत चढलेल्यांच्या यादीत तेही बसतात. दबीर खास एकच होता, आणि त्यानेच दौतीकडे पाठ फिरविली; मग आडनाव चालावे कोणाचे?

आपल्याकडे डबीर नावावर आणखी एक प्रसंग आला, तो राज्याभिषेकाचा. इ. स. १६७४ मध्ये महाराजांनी अष्टप्रधानांची फारसी नावे बदलून संस्कृत नावे दिली. पेशव्यांचे मुख्य प्रधान झाले, मुजुमदारांचे अमात्य, सुरनिसांचे सचिव, वाकनिसांचे मंत्री, सरनौबतांचे सेनापती आणि डबिरांचे सुमंत. पहिले सुमंत झाले ते रामचंद्र त्रिंबक, म्हणजे डबिरांच्याच घरातले. परराज्यांची खबर ठेवणे, त्यांच्याविषयी राजास सल्ला देणे, आलेल्या वकिलांचा सन्मान करणे आणि प्रसंगी युद्धास जाणे अशी कामे त्यांस नेमून दिली होती. 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला तोही याच धोरणाने. दप्तरातील यावनी शब्दांस त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत.

नावे बदलल्याचा परिणाम सर्वांवर सारखा झाला नाही, आणि येथेच आमच्या म्हणण्याची परीक्षा होते. दरबारातील मुजुमदार अमात्य झाले तरी महालांतील मुजुमदार मुजुमदारच राहिले, म्हणून ते नाव जगले. डबीर, सुरनीस आणि वाकनीस हे मुख्यतः दरबारचे हुद्दे. तेथे सुमंत, सचिव आणि मंत्री आल्यावर जुन्या नावांस खालून आधार राहिला नाही. सुरनीस आणि वाकनीस ही आडनावेही आज दुर्मिळच आहेत, हे वाचकांनी ताडून पाहावे. नव्या नावांपैकी ज्यांच्यामागे जहागिरी उभ्या राहिल्या ती घराणी भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंत अमात्य अशी ओळखली जाऊ लागली. सुमंतपद मात्र पुढे दुसऱ्या घराण्यांकडेही गेले, आणि पेशवाईत सत्ता पुण्यास गेल्यावर साताऱ्याचे सुमंत मानापुरते राहिले. परराष्ट्रांचे काम थांबले नव्हते; उलट कधी नव्हे इतके वाढले. पण ते दिल्लीस हिंगणे, निजामाकडे काळे अशा वकिलांच्या हातून होई, आणि त्यांची पत्रे वाचून उत्तरे सांगे तो पुण्याचा फडणीस. बाळाजी जनार्दन भानू यांचा हुद्दा हिशेबाचा आणि काम डबिराचे. आमच्या वाचकांपैकी ज्यांना दुसऱ्याचे टेबल सांभाळावे लागले आहे त्यांना यात काही अपूर्व वाटणार नाही!

एकोणिसाव्या शतकात आडनावे कायम होऊ लागली. शाळेचा दाखला, कोर्टातील फिर्याद, जमिनीचा उतारा, इ. स. १८५२ च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनपुढील कैफियत, या सर्वांस एक ठाम उपनाम हवे असे. तोवर बाप-लेकांची नावे जोडून सही करणाऱ्यांनी कोणी गाव धरले, कोणी वतन धरले, कोणी हुद्दा धरला. त्या वेळी पावणेदोनशे वर्षांपूर्वी रद्द झालेला हुद्दा ज्यांनी धरून ठेवला त्यांची स्मृती दीर्घ म्हणावी लागेल. सुमंत हे नवे व प्रतिष्ठेचे नाव मोकळे असता त्यांनी डबीर हेच चालविले.

आणि आता या कथेतील खरा चमत्कार. राज्यव्यवहारात जो शब्द यावनी म्हणून बाजूस ठेवला, तो संस्कृत दप्तरात त्यापूर्वी हजार वर्षे येऊन बसलेला होता. सौराष्ट्रातील वलभीच्या मैत्रक राजांचे सातव्या शतकातील ताम्रपट पाहा. लेखक म्हणून त्यांच्या शेवटी नाव येते ते 'दिविरपति' स्कंदभटाचे. बापामागून मुलगा दिविरपती झाल्याचेही त्या पटांत दिसते. 'दिविर' हे मध्य इराणी 'दिबीर'चेच संस्कृत रूप होय. विशेष हे की स्कंदभटाचा दुसरा अधिकार 'संधिविग्रहाधिकृत' असा नमूद आहे. तह आणि युद्ध ज्याच्या हाती, तोच लेखकांचा मुख्य. म्हणजे सोनोपंतांच्या हुद्द्याची जोडणी तेथे तयारच होती. पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली, तीतही राजशासनाचा लेखक संधिविग्रहाचा अधिकारी असावा असे वचन घेतले आहे. परराजाशी नाते शब्दांनी जुळते व शब्दांनी तुटते, तेव्हा मजकूर लिहिणारा आणि धोरण ठरविणारा हे दोन इसम फार काळ वेगळे राहू शकत नसावेत. काश्मिरात मात्र दिविराची वेगळीच कीर्ती झाली. अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने 'नर्ममाले'त लाचखाऊ कारकुनांची जी टर उडविली आहे, तीत दिविर सापडतो. ती आम्ही येथे उतरून घेत नाही. वाचक आमचे स्नेही आहेत.

याहूनही मागे जाता येते. इराणी 'दिबीर'च्या मुळाशी प्राचीन इराणी 'दिपि' म्हणजे लेख हा शब्द आहे, आणि तो मेसोपोटेमियातील मातीच्या लेखपट्टीच्या नावावरून आलेला. 'दिवाण'ही त्याच घरचा, असे बहुतेक विद्वान मानतात. ('दप्तर' ऐकावयास तसाच वाटतो, पण तो ग्रीकांच्या चामड्यावरून आलेला, त्याचे कूळ निराळे.) इ. स. पूर्वीच्या तिसऱ्या शतकातील अशोकाचे लेख इतरत्र स्वतःस 'लिपि' म्हणवितात. परंतु आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढी व मानसेरा येथे तेच लेख 'दिपि' म्हणतात. म्हणजे आपण मुलांना पाटीवर शिकवितो ती लिपी आणि डबीर ही एकाच कुळातील. अशोकाच्या कर्नाटकातील ब्रह्मगिरीच्या लेखाखाली चपड नावाच्या लेखकाची सही आहे. लेख ब्राह्मीत कोरलेला, पण आपल्या हुद्द्याचा शब्द त्याने वायव्य सरहद्दीच्या खरोष्ठीत उमटविला आहे. दूर बदलीवर आलेल्या त्या लिपिकाराला आपल्याकडचे अक्षर दाखविण्याचा मोह आवरला नाही असे दिसते.

इराणात हा शब्द अद्याप कामावर आहे. तेथे माध्यमिक शिक्षकास 'दबीर' म्हणतात, शाळेस 'दबीरिस्तान', आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणिसास 'दबीर-ए-कुल'. आडनाव घेण्याची सक्ती तेथे इ. स. १९२५ च्या सुमारास झाली, आणि दबीर, दबीरी ही आडनावे तेथेही आली. इ. स. २००० मध्ये सिडनीच्या ऑलिंपिक सामन्यांत कुस्तीचे सुवर्णपदक जिंकणारा मल्ल अलिरझा दबीर हा इराणचा. ते नाव वर्तमानपत्रात वाचून महाराष्ट्रातील एखाद्या डबिराने क्षणभर कान टवकारले असतील, तर त्यास दोष कोण देईल?