किंचित बेसूर, म्हणूनच भरदार : सिंथेसायझरच्या एका स्वराचा इतिहास

अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभारून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी त्यावर प्रयोग केले. त्या काळच्या मूग यंत्रांचा एक दोष जगभर कुप्रसिद्ध होता : त्यांचे ऑसिलेटर सुरात टिकत नसत.

कारण ट्रान्झिस्टरच्या भौतिकीत आहे. या यंत्रांत विद्युतदाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक वर चढतो. दाबाचे हे घातांकी रूपांतर ट्रान्झिस्टर करतो आणि त्याचे वर्तन तापमानावर अवलंबून असते. भरपाईची सोय नसेल, तर खोलीच्या तापमानाला एका अंशाच्या फरकाने हे प्रमाण सुमारे ०.३३ टक्क्याने ढळते. म्हणजे प्रत्येक सप्तकामागे जवळजवळ ४ सेंट. (सप्तकाचे १२०० समान भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट.) हा ढळ आवरण्यात अभियंत्यांची बरीच वर्षे गेली.

वादकांना मात्र त्याच दोषात काहीतरी गवसले होते. १९७० च्या मिनीमूगमध्ये तीन ऑसिलेटर होते. तिन्ही एकाच स्वरावर लावून त्यांतील एक-दोन किंचित सरकवले, की मुख्य धून वाजवणारा स्वर एकाएकी रुंद आणि भरदार होई. ४४० हर्ट्झचा एक स्वर आणि त्याहून ७ सेंट चढा दुसरा एकत्र वाजले, तर सेकंदाला साधारण १.८ विस्पंद ऐकू येतात. पण एवढ्याने जाडी येत नाही. दोन शुद्ध साइन तरंग नुसते लहानमोठे होत धडधडतात. करवतीच्या दात्यांसारख्या तरंगात मात्र सर्व उपस्वर असतात आणि प्रत्येकाची धडधड वेगळी : दुसऱ्या उपस्वराची मूळ स्वराच्या दुप्पट, दहाव्याची दहापट, म्हणजे सेकंदाला सुमारे १८ वेळा. कोणताच क्षण मागच्यासारखा राहत नाही. एक स्वर अनेकांनी मिळून गायल्यासारखा वाटतो, तो यामुळे. हेच ७ सेंट दोन सप्तके खाली विस्पंदांचा वेग चौथाईवर आणतात. म्हणून खर्जात शोभलेली जुळणी तारसप्तकात अस्वस्थ करते.

भारतीय कानांना हा अनुभव नवा नव्हता. तानपुऱ्याची घोडी तारेत उपस्वरांची असाधारण समृद्धी कशी निर्माण करते, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली कलकत्त्याहून प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले होते. जोडीच्या दोन तारांत केसभर अंतर उरले, की तेच उपस्वर एकमेकांशी खेळू लागतात. अर्थात तानपुरा लावणारा हे अंतर मिटवण्याची धडपड करतो. सिंथेसायझरवाला ते मुद्दाम राखतो.

१९८२ मध्ये मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. त्यात रोलंड कंपनीचा ज्युपिटर-८ होता : आठ आवाज आणि प्रत्येकाला दोन ऑसिलेटर. या यंत्रात सारे ऑसिलेटर आपोआप सुरात आणणारे बटण होते आणि सोळाही ऑसिलेटर एकाच पट्टीवर एकवटणारी सोयही होती. ध्वनिमुद्रिका तेव्हा फारशी खपली नाही. २०१० साली ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले.

१९८२ मध्येच रोलंडच्या जुनो यंत्रांनी ढळण्याचा प्रश्न जवळपास मिटवला. त्यांच्या ऑसिलेटरांची कंप्रता डिजिटल घड्याळाने बांधलेली होती. परंतु प्रत्येक आवाजाला एकच ऑसिलेटर, तोही अढळ. त्यामुळे स्वर रोडावला. मग कंपनीने त्याच यंत्रात कोरसचे मंडल बसवले. ते स्वराची प्रत सूक्ष्म, बदलत्या विलंबाने मूळ स्वरात मिसळते आणि हरवलेला डळमळीतपणा परत आणते. एका हाताने काढलेला दोष दुसऱ्या हाताने विकत दिला, असे कोणी म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

१९९६ च्या रोलंड जेपी-८००० ने पुढची पायरी गाठली. त्याच्या ‘सुपर सॉ’ तरंगात एकाच ऑसिलेटरमधून सात करवती तरंग निघतात : एक मधला, सहा आजूबाजूला सरकवलेले. ते किती सरकवायचे आणि मिश्रणात किती मिसळायचे, यासाठी स्वतंत्र नियंत्रणे दिलेली आहेत. ट्रान्स संगीताची अनेक गाणी या एका आवाजावर उभी राहिली. आज सॉफ्टवेअर सिंथेसायझरांत ऑसिलेटर हळूहळू ढळवणारी स्वतंत्र कळही सर्रास आढळते.