डेथ मेटलच्या पंगतीत कीबोर्ड : नोक्टर्नस आणि ‘द की’ची गोष्ट

आजच्या भागात आपण जाणार आहोत अमेरिकेतल्या फ्लोरिडात, टँपा नावाच्या शहरात. साल १९९०. कडक ऊन, समुद्र, नारळासारखी झाडं, आणि त्या सगळ्यात जगातलं सगळ्यात अंधारलेलं संगीत. कसं काय बुवा? तर सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. डेथ मेटल म्हणजे काय? गिटारच्या तारा ढिल्या करून आवाज खाली आणायचा, ड्रम मशिनगनसारखे वाजवायचे आणि गायचं म्हणजे पोटातून गुरगुरायचं. त्याचा इंग्लंडमधला चुलतभाऊ म्हणजे ग्राइंडकोअर. तो त्याहून वेगवान आणि त्याहून तोकडा. नेपाम डेथ या बर्मिंगहॅमच्या बँडचा ‘स्कम’ अल्बम १९८७ साली आला. त्यातलं एक गाणं जेमतेम सव्वा सेकंदाचं आहे. हो, मिनिट नाही, सेकंद! तो काढला इअरेक रेकॉर्ड्स या नॉटिंगहॅमच्या छोट्या कंपनीनं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तेव्हा इंटरनेट नव्हतं. मग हे संगीत पसरायचं कसं? पोस्टानं. पोरं घरी कॅसेटवर कॅसेट कॉपी करायची, पाकिटात घालायची आणि दुसऱ्या देशातल्या अनोळखी पोराला पाठवायची. तो बदल्यात त्याच्याकडची पाठवायचा. आज आपण लिंक फॉरवर्ड करतो ना, तेच. फक्त ‘डिलिव्हर्ड’ व्हायला तीन आठवडे लागायचे.

आता आपला माणूस. माइक ब्राउनिंग, ड्रमर. टँपाच्या मॉर्बिड एंजल या बँडच्या सुरुवातीच्या दिवसांत तो ड्रमही वाजवायचा आणि गायचाही. १९८६ मध्ये त्यांनी एक अख्खा अल्बम रेकॉर्ड केला, पण तो तेव्हा बाहेरच आला नाही. ब्राउनिंग बँडमधून बाहेर पडला. पुढे १९८९ मध्ये मॉर्बिड एंजलचा ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’ आला आणि बँड जगभर गाजला, पण ड्रमवर दुसराच होता. ब्राउनिंगनं वाजवलेला तो जुना अल्बम १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, तोपर्यंत गाडी कुठच्या कुठे निघून गेली होती.

दुसरा कुणी असता तर कुढत बसला असता. ब्राउनिंगनं नवा बँड काढला, नोक्टर्नस. आणि त्यात असं काही केलं की अंडरग्राउंडमधल्या अनेकांच्या भुवया वर गेल्या. त्यानं कीबोर्डवाला घेतला! लुई पँझर त्याचं नाव.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, तेव्हा कीबोर्ड म्हणजे गुळगुळीत पॉप-रॉक. १९८६चं ‘द फायनल काउंटडाउन’ आठवा, ती सुरुवातीची धून. डेथ मेटलच्या पोरांना नेमकं त्याचंच वावडं होतं. अल्बमच्या सुरुवातीला भीतीदायक वातावरण करायला दोन-चार सूर चालायचे. पण गाणं सुरू झालं की कीबोर्ड बाहेर. नोक्टर्नसनं त्याला बाहेर काढलंच नाही. गिटारच्या बरोबरीनं पंगतीत बसवलं.

‘द की’ १९९० मध्ये आला. रेकॉर्डिंग झालं टँपाच्या मॉरिसाउंडमध्ये. मॉरिस बंधूंचा हा स्टुडिओ म्हणजे तेव्हा डेथ मेटलची पंढरीच. कंपनी तीच, इअरेक. मुखपृष्ठ काढलं डॅन सीग्रेव्ह या इंग्लिश चित्रकारानं, ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’चं चित्रही त्याचंच. एकूण दहा गाणी. ब्राउनिंग ड्रमही वाजवतोय आणि गातोयही. एकदा टेबलावर जोरजोरात ताल धरून बोलून बघा, म्हणजे हे किती अवघड आहे ते कळेल.

आणि विषय? इतर बँड प्रेतं आणि सैतान यांच्यात रमले होते. यांनी त्यात विज्ञानकथा मिसळली. अल्बमच्या उत्तरार्धात एक अर्धयंत्र-अर्धमानव काळात मागे जातो, येशूच्या जन्माच्या वेळी, इतिहास बदलायला. ही कल्पना ऐकून कुणाला राग येईल. पण डिवचणं ही त्या काळच्या डेथ मेटलची रीतच होती. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की गोष्टीला अवकाश हवं होतं, यंत्राची थंड झुळूक हवी होती. ती नुसत्या गिटारमधून आली नसती. म्हणजे कीबोर्ड दागिना म्हणून नव्हता, कथेची गरज म्हणून होता.

१९९१ मध्ये नेपाम डेथ आणि गॉडफ्लेश यांच्याबरोबर अमेरिकेचा दौरा झाला. १९९२ मध्ये दुसरा अल्बम, ‘थ्रेशोल्ड्स’. आता गायला वेगळा माणूस, ब्राउनिंग फक्त ड्रमवर. आणि त्यानंतर? ब्राउनिंग त्याच्याच बँडच्या बाहेर. नावसुद्धा बाकीच्यांकडे राहिलं. विचार करा, बँड तुम्ही उभा केला, आणि त्याच नावानं तुम्हाला स्टेजवर चढता येत नाही. पोटात कालवाकालव होईल की नाही?

इथे तुमच्यातल्या बँडवाल्यांसाठी एक गोष्ट. चार मित्र गॅरेजमध्ये जमतात तेव्हा कागदावर कुणी काही लिहीत नाही. ‘आपलंच आहे रे’ म्हणतात. भांडण झालं की तो न लिहिलेला कागद सगळ्यात महाग पडतो. नाव कुणाचं, गाणी कुणाची, हे दोस्ती घट्ट असतानाच ठरवून टाका.

बरं, कीबोर्डचं पुढे काय झालं? नव्वदच्या दशकात नॉर्वेच्या एम्पररसारख्या बँडनी टोकाच्या मेटलमध्ये तो उघडपणे वापरला. आपल्या मुंबईत २००० साली सुरू झालेल्या डिमॉनिक रिझरेक्शनमध्येही कीबोर्ड होता. या सगळ्यांनी नोक्टर्नसकडूनच घेतलं असं मी म्हणणार नाही. पण तोवर कीबोर्ड दिसला म्हणून नाक मुरडणाऱ्यांचा आवाज बराच बसला होता.

आणि ब्राउनिंग? त्यानं नावापुढे दोन अक्षरं जोडली, ‘नोक्टर्नस एडी’. २०१९ मध्ये ‘पॅराडॉक्स’ अल्बम काढला, आणि त्यात ‘द की’मधली गोष्ट पुढे नेली. मधे किती वर्षं गेली? एकोणतीस! नाव गेलं होतं, पण गोष्ट कुणी हिसकावून घेऊ शकलं नव्हतं.

तर आज रात्री हेडफोन लावा आणि ‘द की’ ऐका. पहिल्यांदा कलकलाट वाटेल, वाटू द्या. दुसऱ्यांदा ऐकताना गिटारकडे दुर्लक्ष करा, फक्त मागचा कीबोर्ड शोधा. सापडला की कमेंटमध्ये कळवा. भेटू पुढच्या भागात!