डेकूपाज-कागद
कातरलेली चित्रे लाकूड, धातू वा काच यांवर चिकटवून त्यांवर रोगणाचे थर चढविण्याच्या हस्तकलेत वापरला जाणारा पातळ, चित्रमुद्रित कागद. अठराव्या शतकात व्हेनिसमध्ये पौर्वात्य लाखकामाची (पहा : लाखकाम) अल्पखर्ची प्रतिकृती म्हणून ही कला रूढ झाली व तिच्यासाठी बास्सानो येथील रेमोंदीनी मुद्रणालय कातरण्याजोगी चित्रे छापीत असे. कागद जितका पातळ, तितकी त्याची कड रोगणाखाली (पहा : रोगण) लवकर लुप्त होते, म्हणून कागदी रुमालाचा केवळ छापील पदर घेतात आणि जाड चित्राची मागील बाजू सोलून काढतात. पाण्याने पसरणारी शाई आधी रोगणाने बद्ध करणे, पाठीमागील मजकूर उमटणारा कागद वर्ज्य करणे आणि पिवळ्या पडणाऱ्या वृत्तपत्री कागदाऐवजी आम्लरहित कागद (पहा : कागद) योजणे, यांवर कामाचा टिकाऊपणा अवलंबून असतो.