भाऊसाहेबांचा शेवट

बीड जिल्ह्यांतील गेवराई तालुक्यांत गोदावरीच्या दक्षिण कांठीं राक्षसभुवन नांवाचें क्षेत्र आहे. यात्रेकरू तेथें शनिमहाराजांच्या दर्शनास जातात. इतिहासाच्या अभ्यासकास तें गांव दुसऱ्या कारणानें परिचित आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजीं, नदीस पूर आला असतां, येथें मराठ्यांची व निजाम अलीची लढाई जुंपली. निजाम अली आधींच नदी उतरून पैलतीरीं गेला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर फौजेसह अलीकडे राहिला होता. राघोबादादांचा हत्ती शत्रूच्या गराड्यांत सांपडला, तेव्हां अठरा वर्षांचे माधवराव पेशवे मदतीस धांवले. विठ्ठल सुंदर रणांत पडला, आणि पुरामुळें त्याच्या धन्यास त्याला कुमक पोंचवितां आली नाहीं.

या लढाईचें बीज तीन वर्षांपूर्वींचें होतें. फेब्रुवारी १७६० मध्यें उदगीर येथें सदाशिवरावभाऊंनीं निजामाचा पराभव करून साठ लक्षांचा मुलूख मिळविला. पुढें ११ महिन्यांनीं पानिपत झालें, आणि गेलेलें परत घेण्याची संधि आली असें निजामास वाटलें. राक्षसभुवनानें ती आशा मोडली. भाऊसाहेबांनीं उदगिरीस जें आरंभिलें, त्याची सांगता गोदातीरीं झाली. कार्याची सांगता कोठें व कोणत्या दिवशीं झाली हें निश्चयानें सांगतां येतें. परंतु तें कार्य आरंभिणाऱ्या पुरुषाचा शेवट कसा झाला, याविषयीं मात्र त्याच्या काळींच एकमेकांशीं न जुळणारे निकाल झाले, आणि त्यांतील एकाहून अधिक निकालांना अधिकाराचें पाठबळ होतें.

पहिला निकाल रणांगणावरचा. १४ जानेवारी १७६१ रोजीं दुपारीं विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दींत शिरले. येथवर बहुतेक वृत्तान्तांचें एकमत आहे. पुढचें वर्णन काशीराज पंडितानें केलेलें आहे. हा गृहस्थ अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या पदरीं होता, म्हणजे अबदालीच्या बाजूच्या छावणींत होता, आणि लढाईनंतरच्या घडामोडी त्यानें जवळून पाहिल्या. त्याची फारसी हकीकत लढाईनंतर सुमारें वीस वर्षांनीं लिहिली गेली. तिच्याप्रमाणें प्रेतांच्या राशींत एक मस्तकहीन देह सांपडला. भाऊंना ओळखणाऱ्यांनीं अंगावरील खुणांवरून तो त्यांचाच ठरविला. मस्तक मागाहून मिळालें. आणि शुजाच्या मध्यस्थीनें दहनसंस्कार झाला. साक्षीदार जवळचा होता आणि भाऊंच्या मरणांत त्याचा कांहीं स्वार्थ नव्हता. म्हणून बहुतेक इतिहासकार हीच हकीकत प्रमाण मानतात.

परंतु ती हकीकत पुण्यास कोणीं वाचली होती? पुण्यास आल्या त्या अफवा. रणांतून निसटलेला प्रत्येकजण आपण पाहिलें तेवढेंच सांगे, आणि भाऊ घोड्यावर बसलेले दिसले होते हेंच पुष्कळांचें अखेरचें दर्शन होतें. घोड्यावर बसलेला मनुष्य निसटूं शकतो. पराभवाच्या दुःखांत बुडालेल्या राष्ट्राला तेवढी फट पुरेशी झाली. नानासाहेब पेशवे त्याच वर्षीं २३ जून रोजीं वारले. पण भाऊ येणार ही आशा त्यांच्याबरोबर गेली नाहीं.

दुसरा निकाल भाऊंच्या स्वतःच्या घरांतला. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतच्या छावणींत होत्या. त्या पराभवाच्या धामधुमींतून निसटून दक्षिणेस पोंचल्या. पति पडल्याचें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें, आणि न पाहिलेलें मरण त्यांनीं मान्य केलें नाहीं. त्या सौभाग्यचिन्हें धारण करूनच राहिल्या. त्या काळच्या ब्राह्मण घरांत ही लहानसहान गोष्ट नव्हती. कुंकू लावावें कीं पुसावें, हळदीकुंकवास बोलवावें कीं टाळावें, हा रोजचा प्रश्न होता. आणि पेशव्यांच्या वाड्यानें त्याचें उत्तर पार्वतीबाईंच्या बाजूनें दिलें. नारायणरावांच्या खुनानंतर १७७४ सालीं गर्भवती गंगाबाईंस पुरंदरावर नेलें, तेव्हां घरांतील वडील स्त्री म्हणून पार्वतीबाईच सोबतीस होत्या.

शास्त्रालाही असा प्रसंग ठाऊक होता. परागंदा झालेल्या मनुष्याची बारा वर्षें वाट पाहावी, नंतर पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिचें दहन करावें व पुढील क्रिया करावी, अशी प्रथा धर्मग्रंथांत सांगितली आहे. बारा वर्षें १७७३ सालीं भरलीं. पार्वतीबाईंचा निर्धार त्यानंतरही बदलला नाहीं. आजच्या कायद्यांतही हा विचार आहे : १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें सात वर्षांची मर्यादा घातली, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नव्या कायद्यानें ती तशीच ठेविली. मर्यादा निराळी असली तरी दोहोंचा हेतु एकच. घर चालावें, वारसा ठरावा, शेताचा सातबारा कोणाच्या तरी नांवावर व्हावा, म्हणून समाजाला कोठें तरी शेवट मानावा लागतो. मन मात्र वर्षें मोजीत नाहीं.

तिसरा निकाल न्यायासनाचा. पानिपतानंतर कांहीं वर्षांतच एक मनुष्य आपणच भाऊ आहों असें सांगूं लागला. थोरल्या माधवरावांच्या अमदानींत त्याची चौकशी होऊन तो बुंदेलखंडाकडील सुखलाल नांवाचा कनोजा ब्राह्मण असल्याचें ठरलें. माधवरावांनीं त्यास जिवें न मारतां किल्ल्यांवर कैदेंत ठेविलें. अखेर तो रत्नागिरीस होता. तेथील अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यानें १७७६ सालीं त्यास बंधमुक्त केलें. मग बंडास तोंड फुटलें. कोंकणांतले किल्ले भराभर त्याच्या हातीं गेले, हजारों लोक निशाणाखालीं जमले, आणि तोतया बोरघाट चढून वर आला.

या वेळीं पुण्याची स्थिति नाजूक होती. गादीवर दोन वर्षांचे सवाई माधवराव; कारभार बारभाईंचा; राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास; पुरंदरचा तह नुकताच झालेला. अशा वेळीं भाऊसाहेब जिवंत ठरले असते, तर नाना फडणविसांच्या कारभाराचा पायाच उखडला असता. फौजेनें तोतयाचा मोड केला. तो गलबतांतून मुंबईच्या रोखें पळाला असतां आंगऱ्यांच्या हातीं सांपडला व पुण्यास आणला गेला. तेथें पुन्हां पंच बसले, भाऊंस जवळून ओळखणाऱ्यांच्या साक्षी झाल्या, आणि तो तोतया ठरला. १७७६ च्या डिसेंबरांत त्यास देहान्त शिक्षा झाली.

अशा रीतीनें राज्यानें भाऊसाहेबांच्या मरणावर शिक्कामोर्तब केलें. परंतु यांतील विसंगति ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्या सरकारनें चव्हाट्यावर सांगितलें कीं हा भाऊ नव्हे, त्याच सरकारच्या वाड्यांत भाऊंची पत्नी सुवासिनी म्हणून नांदत होती. तोतया खोटा ठरला म्हणून भाऊ मेले असें तर्कशास्त्राप्रमाणें सिद्ध होत नाहीं. आणि त्या बारीक फटींतच पार्वतीबाईंचें कुंकू सुरक्षित राहिलें. नाना फडणवीस स्वतः पानिपतावरून जीव वांचवून आलेले होते. चौकशी कोठें कठोर करावी आणि कोठें थांबवावी, हें त्यांच्या कारभारास कळत होतें असें दिसतें.

हा प्रकार केवळ मराठी इतिहासांतला नाहीं. पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियन ४ ऑगस्ट १५७८ रोजीं मोरोक्कोंत अल्काझार-किबीरच्या रणांत नाहींसा झाला. त्याचा देह सांपडल्याचें जाहीर झालें, तरी प्रजेनें विश्वास ठेविला नाहीं. एकामागून एक चार तोतये उभे राहिले, आणि त्यांतील माद्रिगालच्या एका पक्वान्नें विकणाऱ्यास १५९५ सालीं फांशी झाली. पोर्तुगाल १५८० पासून साठ वर्षें स्पेनच्या राजाखालीं होता, आणि गुलामगिरींत हरवलेला राजा अधिकच प्रिय होतो. त्याच पोर्तुगिजांकडून १७३९ सालीं वसई घेणारे चिमाजीअप्पा हे भाऊसाहेबांचे वडील, हा योगायोग विलक्षण आहे.

अलीकडचें उदाहरण नेताजी सुभाषचंद्र बोस यांचें. शाहनवाज समितीनें १९५६ सालीं आणि खोसला आयोगानें १९७४ सालीं निर्णय दिला कीं १८ ऑगस्ट १९४५ च्या तैहोकू येथील विमान-अपघातांत नेताजींचा अंत झाला. १९९९ सालीं नेमलेल्या मुखर्जी आयोगानें उलट निर्णय दिला, आणि सरकारनें तो २००६ सालीं अमान्य केला. एकाच पुरुषाचे परस्परविरोधी शेवट सरकारी कागदावर उमटले ते येणेंप्रमाणें.

अशा ठिकाणीं कोणता शेवट खरा एवढेंच विचारून भागत नाहीं. तो कोणीं, कोणासाठीं व कधीं लिहिला हेंही पाहावें लागतें. काशीराज मृतदेहाविषयीं लिहितो, न्यायासन गादीविषयीं बोलतें, आणि पार्वतीबाई आपल्या संसाराविषयीं. पुराव्याच्या तराजूंत काशीराजाचें पारडें जड आहे, हें मान्य केलेंच पाहिजे. दया म्हणून इतिहासास सत्य बदलतां येत नाहीं. पण पार्वतीबाईंचा नकार हाही इतिहासच आहे, आणि लोकांनीं भाऊंवर केवढी आशा ठेविली होती याचें माप त्यावरून मिळतें. न. चिं. केळकर यांनीं १९१३ सालीं या विषयावर ‘तोतयाचें बंड’ हें नाटक लिहिलें. हरियाणांत रोहतकनजीक सांघी गांवीं तर भाऊ जखमी होऊन तेथें आले व पुढें साधु होऊन राहिले, अशी श्रद्धा लोक आजही बाळगून आहेत.

राक्षसभुवनास गोदावरीच्या कांठीं उभें राहिलें म्हणजे समोर नदीचें विस्तीर्ण पात्र दिसतें. येथें लढलेले माधवराव व राघोबादादा भाऊ परत येण्याची वाट पाहात बसले नाहींत. त्यांचें अपुरें काम त्यांनीं पुढें नेलें. पुण्यास एका स्त्रीनें मात्र वाट पाहिली. पानिपताच्या घावांतून महाराष्ट्र सावरला, तो या दोहोंस एकाच घरांत जागा मिळाली म्हणून.