४३ सेकंदांत दुभंगलेला डेटाबेस

२१ ऑक्टोबर २०१८. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारची संध्याकाळ होती, भारतात सोमवारची पहाट. गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावरचा मूळ कोड वेगळ्या यंत्रणेत असतो आणि त्याला या प्रसंगात धक्का लागला नाही. पण त्या कोडभोवतीचं माणसांचं बोलणं, म्हणजे इश्यू, पुल रिक्वेस्ट आणि त्यांवरच्या टिप्पण्या, मायएसक्यूएल डेटाबेसांत राहतं. मुख्य डेटाबेस पूर्व किनाऱ्यावर आणि त्यांच्या प्रती पश्चिम किनाऱ्यावर, अशी मांडणी होती. खालच्या सगळ्या वेळा भारतीय आहेत.

पहाटे ४:२२

नेटवर्कमधलं बिघडू लागलेलं १०० गिगाबिटचं ऑप्टिकल उपकरण बदलण्याचं नेहमीचं काम चालू होतं. त्यात पूर्वेचं नेटवर्क केंद्र आणि पूर्वेचंच मुख्य डेटा सेंटर यांच्यातला संपर्क तुटला. ४३ सेकंदांत तो परत जुळला.

तेवढा वेळ पुरेसा ठरला. मुख्य डेटाबेस बंद पडला तर दुसरा नेमणारी ऑर्केस्ट्रेटर नावाची प्रणाली तिथे होती. ती बहुमताने निर्णय घेते. पश्चिमेकडची आणि पूर्वेच्या क्लाउडमधली तिची यंत्रं एकमेकांशी बोलू शकत होती, त्यामुळे बहुमत झालं आणि लिखाण पश्चिमेकडे वळवलं गेलं. प्रणालीने तिला सांगून ठेवलेलं कामच केलं. पण तुटलेल्या बाजूच्या डेटाबेसांत काही सेकंदांच्या नोंदी अशा होत्या, की त्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या. संपर्क जुळताच पश्चिमेला नव्या नोंदी सुरू झाल्या. त्या क्षणापासून दोन्ही किनाऱ्यांवर असं काहीतरी होतं जे दुसऱ्याकडे नव्हतं. माझ्या मते खरी आपत्ती इथेच घडली. पुढचा दिवसभर चालली ती तिची निस्तरणी.

४:२४ ते ४:४९

इशारे वाजू लागले. ४:३२ ला अभियंत्यांच्या लक्षात आलं की डेटाबेसांची रचना कुणालाच अपेक्षित नव्हती अशी झाली आहे: ऑर्केस्ट्रेटरला विचारलं तर फक्त पश्चिमेचे सर्व्हर दिसत होते. ४:३७ ला नवे बदल चढवणं थांबवलं. ४:३९ ला गिटहबचा स्थितीदर्शक पिवळा झाला, ४:४३ ला लाल. ४:४९ ला कोड पुश झाल्याची माहिती लिहिणारी कामं मुद्दाम बंद केली. नुकसान वाढू नये म्हणून स्वतःची सेवा स्वतःच्या हाताने लंगडी करायला धैर्य लागतं, आणि मला या घटनाक्रमातली ती सगळ्यात महत्त्वाची कृती वाटते.

५:३५

आता प्रश्न होता परतीचा. सरळ पूर्वेकडे परत का गेले नाहीत? कारण तोवर पश्चिमेत कित्येक मिनिटांच्या नव्या नोंदी जमल्या होत्या. परत जाणं म्हणजे त्या पुसणं. पश्चिमेतच राहावं, तर पूर्वेकडचं ॲप्लिकेशन प्रत्येक नोंदीसाठी देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन येणार, आणि तो उशीर त्याला झेपत नव्हता. गिटहबने माहितीच्या अचूकतेची बाजू घेतली. साइट अर्धवट चालली तरी चालेल, लोकांनी लिहिलेलं जाता कामा नये, असा तो निर्णय होता.

अशा वेळी दोन डेटाबेस ताडून पाहणं सोपं वाटतं: दोन्हीकडे एकच क्वेरी चालवा आणि उत्तरं जुळवा. पण नोंदींची संख्या सारखी आली म्हणून नोंदी सारख्या असतात असं नाही. दोन कारकुनांनी एकाच क्रमांकाच्या पावत्या वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना फाडाव्यात, तसं आपोआप वाढणाऱ्या आयडीचं होतं. दुभंग झाल्यावर तोच आयडी दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या टिप्पण्यांना मिळू शकतो. आयडीवर जुळवणारी स्क्रिप्ट त्यांना ‘बदललेली एकच नोंद’ म्हणेल, आणि त्या निकालावर विसंबून कुणी एकीवर दुसरी लिहिली तर एका माणसाचे शब्द कायमचे गेले.

आणखीही सापळे आहेत. क्वेरीत ‘ऑर्डर बाय’ दिलं नसेल तर ओळी कोणत्या क्रमाने येतील याची हमी नसते, म्हणून पहिली ओळ पहिलीशी ताडणं व्यर्थ. एसक्यूएलमध्ये नल, म्हणजे रिकामी किंमत, हे नलच्या बरोबरीचं नसतं. पायथनच्या पांडाज लायब्ररीत मर्ज करताना मात्र जुळणीच्या स्तंभातल्या रिकाम्या किमती एकमेकींशी जुळतात. म्हणजे तोच प्रश्न दोन ठिकाणी विचारला तर दोन उत्तरं. त्याहून घातक म्हणजे, पूर्णांकांच्या स्तंभात एक जरी नल असला तरी पांडाज सहसा सगळा स्तंभ दशांशात बदलते, आणि २ च्या ५३ व्या घातापलीकडचे आयडी तिथे गोल होऊ लागतात. दोन वेगळे आयडी मग एकच दिसतात आणि स्क्रिप्ट निर्धास्तपणे ‘फरक नाही’ असं छापते. हाती फरक आला तर तो तपासता तरी येतो; खोटा ‘फरक नाही’ कुणी तपासायला जात नाही.

६:११ ते दुपारी ४:४२

बॅकअपवरून पूर्वेचे डेटाबेस नव्याने उभे करणं सुरू झालं. बॅकअप दर चार तासांनी घेतले जात होते आणि ते परत चढवण्याची चाचणी रोज होत होती. पण ते ठेवलेले होते दूरच्या क्लाउडमध्ये, आणि आकार कित्येक टेराबाइट. उतरवणं, उलगडणं, पडताळणं, चढवणं, सगळ्यालाच तास लागत होते. डेटाबेसांचा संपूर्ण क्लस्टर असा उभा करण्याची वेळ त्यांच्यावर याआधी आली नव्हती.

एवढ्या वेळात पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतला सोमवार सुरू होऊन संपतही आला. गिटहबकडून वेबहुकचा निरोप आला की बिल्ड सुरू, अशी ज्यांची घडी होती, त्यांच्याकडे निरोप येतच नव्हते.

४:४२ ला मुख्य डेटाबेस पूर्वेला परतले. तरी वाचनाच्या डझनावारी प्रती काही तास मागे होत्या, त्यामुळे लोकांना विसंगत माहिती दिसत राहिली.

संध्याकाळी ६:४५ ते मंगळवार पहाटे ४:३३

युरोप-अमेरिकेतल्या कामाच्या दिवसाचा भार चढला तशी प्रतींची पिछाडी उलट वाढू लागली. क्लाउडमध्ये जादा प्रती उभ्या केल्या. रात्री ९:५४ ला सगळ्या प्रती जुळल्या. रांगेत ५० लाखांहून अधिक वेबहुक आणि गिटहब पेजेसचे ८० हजार बिल्ड साचले होते. सुमारे २ लाख वेबहुक मुदत टळून गेल्यामुळे गळले. पहाटे ४:३३ ला स्थितीदर्शक हिरवा झाला. एकूण २४ तास ११ मिनिटं.

पूर्वेकडच्या त्या काही सेकंदांच्या नोंदींचं काम मात्र राहिलं होतं. बायनरी लॉगमध्ये त्या जपून ठेवल्या होत्या. सर्वांत गजबजलेल्या क्लस्टरांपैकी एकात त्या ९५४ होत्या. त्यांतल्या काही नोंदी वापरकर्त्यांनी तोवर स्वतःच पुन्हा केल्या होत्या: टिप्पणी दिसली नाही, म्हणून तीच परत लिहिली. आयडी वेगळा, वेळ वेगळी, मजकूर तोच. अशी जोडी ओळखायची तर कोणी, कुठे आणि काय लिहिलं हे पाहावं लागतं. उरलेल्यांपैकी कोणत्या आपोआप जुळवता येतील आणि कोणत्यांसाठी वापरकर्त्यालाच विचारावं लागेल, याची छाननी सेवा सुरळीत झाल्यानंतरही चालू राहिली.