राणीचा जमाना आणि आमचा पोशाख

पोशाख हा विषय इतिहासाच्या व्यासपीठावर काहींना हलका वाटेल. पण राज्य बदलल्याचे सामान्य माणसाला उमगते ते पुष्कळदा कपड्यांवरून. नगरचा किल्ला 1803 साली इंग्रजांकडे गेला, 1818 साली पेशवाई संपली. 1831 पासून अमेरिकन मिशन नगरात आले आणि 1839 साली मिस सिंथिया फरार यांनी येथे मुलींच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. विलायती झग्यांचे दर्शन नगरकरांना घडत गेले ते असे.

राणीच्या कारकिर्दीत (1837–1901) विलायतेतील झग्यांनी अनेक रूपे घेतली. कंबर आवळलेली राहिली. पण 1850 नंतर घेर पोलादी कड्यांवर पसरला, पुढे तो मागे गोळा झाला आणि 1890 नंतर बाह्या फुगल्या. आम्ही यातले काय घेतले? घेर मुळीच नाही. आमच्या विणकरांचे लुगडे मागावरून उतरते तेच नेसायला तयार. तेथे कात्रीला काम नाही. म्हणून विलायती शिवण शिरली ती चोळीत. तिचे पोलके झाले, बाह्या लांबल्या, गळ्याला लेस आली. पुरुषांनी अंगरख्याच्या जागी बटणांचा कोट घेतला, पायांत बूट घातले. धोतर व पगडी मात्र सोडली नाही. जे शिवायचे ते नवे, जे नेसायचे वा बांधायचे ते जुने, अशी ही वाटणी होती. त्या काळचे नाटक वा चित्र उभे करणाऱ्यांनी हीच खूण धरावी.

पण या वाटणीत न्याय सारखा नव्हता. धोतरावर कोट चढवणारा पुरुष सुधारक ठरे. स्त्रीच्या बदलाची मात्र चौकशी होई. आनंदीबाई जोशी 1883 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेस निघाल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिकडची थंडी तर हाडे गोठवणारी. त्यांनी झगा घातला नाही. पाय झाकणारी गुजराती धाटणीची साडी पत्करली. 1885 च्या प्रसिद्ध छायाचित्रातही त्या साडीतच आहेत. 1886 साली पदवी घेऊन परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच निवर्तल्या. आचाराला न सोडता शरीराला सांभाळण्याची ती कसरत होती.

याच सुमारास, 1882 साली, मुक्तिफौजेचे बूथ-टकर मुंबईस उतरले आणि त्यांनी देशी वस्त्रे धारण केली. राज्यकर्त्यांच्या जातीचा माणूस आमचा वेष घेतो तो स्वेच्छेने. त्याला परत फिरायची वाट मोकळी असते. आनंदीबाईंना ती नव्हती.

म्हणून जुन्या पेटीतले लेस लावलेले पोलके हाती आले, तर ते केवळ नक्कल म्हणून हसून बाजूला ठेवू नये. काय घ्यावे आणि काय राखावे, याचा आमच्या आज्या-पणज्यांनी केलेला निवाडा त्या शिवणीत आहे. आणि तो करताना त्यांचे मत कितीसे विचारले गेले, हा प्रश्नही त्याच शिवणीत आहे.